नागोरावांचे सुतक

नागोराव दुसऱ्यांदा वारले ते एका बुधवारी दुपारी, सदाशिव पेठेत, सख्ख्या नातवाच्या हातून. पहिल्यांदा ते वारले होते वाशीमकडच्या आपल्या खेड्यात, दम्याने, आणि त्यालाही आता तीसेक वर्षे होऊन गेली होती. पहिल्या मरणाची दखल वेशीबाहेर कुणी घेतली नाही. दुसऱ्या मरणाने मात्र निम्म्या पुण्याचे मांडव उतरवले आणि त्याच निम्म्या पुण्याला गार पाण्याने आंघोळ घातली.

नातवाचे नाव सुदर्शन. राहायला वारज्याला, भाड्याने. नोकरीला गोदाबाईंकडे, सर्व्हर सांभाळायला. गोदाबाईंचे धंदे दोन. सदाशिव पेठेतला 'मांडव' लोकांची लग्ने लावून द्यायचा. कार्यालय, आचारी, सनई, घोडा, सगळे एका फोनवर. कात्रजचा 'निरोप' लोकांना पोचवून द्यायचा. शववाहिका, सामान, गुरुजी, आणि तेराव्यापर्यंत घरच्यांना जेवणाचा डबा. "लग्नाशिवाय राहिलेली माणसं मी पुष्कळ बघितली," गोदाबाई म्हणत, "दुसऱ्याशिवाय राहिलेलं अजून कुणी दिसलं नाही." दोन्ही धंद्यांचे सर्व्हर वेगळे, डोमेन वेगळे, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ताही ठाऊक नाही. शुभ आणि अशुभ एका कपाटात ठेवायचे नाही, हे बाईंचे तत्त्व.

हे तत्त्व जिलबीपायी मोडले. एका घरातले काका सकाळी 'निरोप'च्या गाडीतून गेले, आणि दुपारी 'मांडव'मधल्या मुलीने त्याच घरी फोन लावून विचारले, "काकांना जरा देता का? परवाच्या पंगतीला जिलबी ठेवू की श्रीखंड, तेवढं त्यांच्याकडून कन्फर्म करायचंय."

गोदाबाईंनी सुदर्शनला बोलावून घेतले.

"माझ्या एका हाताने माणूस उचलला आणि दुसऱ्या हाताने त्यालाच जिलबी विचारली. हे पुन्हा होता कामा नये. दोन्ही सर्व्हरना बोलायला शिकव."

"जोडतो, बाई."

"जोड, पण सोयरीक करू नकोस. 'निरोप'ने सांगायचं, अमक्या घरी सुतक आहे. 'मांडव'ने ते ऐकायचं आणि तिथलं कार्य थांबवायचं. उलट बोलायचं नाही. स्मशानातून घरी निरोप येतो. घरातलं लग्न कुणी स्मशानात सांगायला जात नाही. कळलं?"

एवढी नेमकी सूचना मोठमोठ्या कंपन्यांत मिळत नाही. सुदर्शनने आठवडाभर खपून दुवा बांधला. दोन्ही सर्व्हरनी एकमेकांची ओळख पटवल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. वाटेत कुणी कान लावला तरी त्याला काही उमगू नये. 'निरोप'ने लावलेले सुतक 'निरोप'नेच काढायचे. 'मांडव'मधल्या कुणी पार्टीच्या दडपणाखाली ते परस्पर उडवायचे नाही. आणि वाट एकेरी, लक्ष्मी रस्त्यासारखी. फरक एवढाच, की लक्ष्मी रस्त्यावर लोक उलटे येतात. इथे येणार नव्हते.

काम मनापासून केले होते, कारण त्याचे मनच थाऱ्यावर नव्हते आणि कामात ते बरे रमत होते. येत्या रविवारी त्याचे लग्न होते, बाईंच्याच कार्यालयात. मुलगी उत्कर्षा, सदाशिव पेठेतली. तिचा होकार पक्का होता. तिच्या वडिलांचा, म्हणजे वैजनाथराव टिकेकरांचा, होकार मात्र भाड्याने आणलेल्या शेरवानीसारखा होता. कधी परत मागतील सांगता येत नव्हते. पहिल्याच भेटीत त्यांनी चहाचा कप पुढे सरकवून विचारले होते, "आपल्या घराण्याला पुण्यात ओळखणारं कोण आहे?"

"मी इथे बरीच वर्षं राहतोय, काका."

"राहतात तर उंदीरही. मी ओळखण्याबद्दल विचारतोय. एक माणूस सांगा. एक."

सुदर्शनला एकही सांगता आला नाही. शेवटी लेकीच्या हट्टापुढे ते नमले, पण जाता जाता अट घालून: "रविवारचा मुहूर्त साधला तर साधला. चुकला तर दुसरा काढायला मी मोकळा नाही." तेव्हापासून सुदर्शन रविवारची वाट बघत होता, आणि वैजनाथराव तो चुकण्याची.

तर बुधवारी दुपारी, 'मांडव'ची मंडळी जेवून सुस्तावली असताना, दुवा सुरू करायचे ठरले. कात्रजच्या टोकाला अरफात होता. 'निरोप'चा सर्व्हर त्याच्या ताब्यात. तीन पिढ्यांचा पुणेकर. आजोबांचा भोरी आळीत कुलपांचा गाळा होता, आणि नातूही एका अर्थी कुलपेच लावत होता.

"झालं माझ्याकडून," फोनवर अरफात म्हणाला. "आता एक माणूस मार."

"कुणाला?"

"कुणालाही. टेस्टिंगला काय लागतं? अबक दळवी."

सुदर्शनने अबक दळवी मारून पाहिला. 'निरोप'ने घेतला नाही. त्याला खरे घर हवे होते, आणि 'मांडव'मध्ये त्या घराचे एखादे कार्य ठरलेले हवे होते. नाहीतर थांबवायचे काय?

"मग तुझ्याच घरातलं नाव टाक," अरफातने सुचवले. "रविवारचं बुकिंग आहे ना तुझं? थांबलं की नाही, लगेच दिसेल."

"माझ्या घरातलं कोण मारू? बाबांना? लग्न तोंडावर आलंय!"

"भाई, टेस्ट आहे."

"तू तुझ्या अब्बांचं नाव टाकशील?"

"नाही टाकणार," अरफातने कबूल केले.

आता बघा, जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने इथे डोळे मिटून कुणाही जिवंत माणसाचे नाव टाकले असते आणि नंतर पुसले असते. पण आपल्याकडे जिवंत माणसाच्या नावामागे 'कै.' लिहायला हात धजत नाही. सुदर्शनने विचार केला आणि त्याला एकदम निर्धोक वाट दिसली.

"आजोबा चालतील? ते वारलेलेच आहेत."

"बेस्ट! त्यांना काय फरक पडणार?"

सुदर्शनने नागोरावांचे नाव घातले, पत्ता आपल्या वारज्याच्या खोलीचा, तारीख आजची. एका क्षणात 'मांडव'च्या पडद्यावर त्याचे रविवारचे कार्य काळे पडले आणि खाली अक्षरे उमटली: 'सुतकामुळे स्थगित'. आपलेच लग्न थांबलेले पाहून इतका आनंद झालेला हा पहिलाच नवरदेव असावा.

"चाललं रे!" तो ओरडला.

"मला पोच नाही आली," अरफात म्हणाला.

"येणार नाही. वाट एकेरी आहे."

"मग 'निरोप'ला कसं कळणार, की 'मांडव'ला कळलं?"

"मी सांगतोय ना फोनवर."

"तू काय प्रत्येक मयताला फोन करणार? रविवारनंतर तर तू महाबळेश्वरला. पोच हवी, भाई. पाच मिनिटं परतीची वाट उघड, पोच येते का बघू, मग तेवढ्यापुरती बारीक खिडकी ठेवू."

पाच मिनिटे! या दोन शब्दांवर विश्वास ठेवून पुण्यात किती संसार बुडाले असतील, देव जाणे. सुदर्शनने परतीची वाट उघडली. पोच आली. अरफात समाधानाने डबा खायला बसला. इतक्यात सुदर्शनच्या दुसऱ्या फोनवर उत्कर्षा.

"सुदर्शन, आत्ताच्या आत्ता ये. बाबा फेट्याच्या रंगावर अडलेत. म्हणतायत, रंग पसंत नसेल तर पुढचं बघायलाच नको. आय ॲम सीरियस!"

सुदर्शनने चप्पल घातली आणि लक्ष्मी रस्त्याकडे पळाला. परतीची वाट तशीच सताड उघडी राहिली.

तो पळत होता तेव्हा आत काय चालले होते? 'मांडव'ला आता उलट बोलायची मुभा मिळाली होती. त्याने 'निरोप'ला कळवले, "कार्य थांबवले. ही घ्या त्या कार्यातली माणसे." आणि लग्नाच्या पत्रिकेतली सगळी नावे पाठवली: वर, वधू, वधूपिता, मामा, आत्या, काका, निमंत्रक. 'निरोप' बिचारा स्मशानातला. त्याला व्याही आणि भाऊबंद यांतला भेद कोण शिकवणार? त्याने समजूत करून घेतली, की एवढी माणसे आली म्हणजे मयताचीच असणार. त्याने सगळ्यांना सुतक लावले आणि 'मांडव'ला कळवले. 'मांडव'ने पाहिले, वधूच्या आत्येच्या घरी पुढच्या आठवड्यात मुंज आहे. थांबवली. त्या पत्रिकेतली नावे पाठवली. 'निरोप'ने त्यांनाही सुतक लावले. मुंजीतल्या मामाच्या मुलीचे लग्न, त्या लग्नातल्या वरमाईच्या भाच्याचे डोहाळजेवण... पुण्यात कोण कुणाचा कोण लागत नाही? दोन सर्व्हर एकमेकांचे सांत्वन करत सुटले, आणि प्रत्येक सांत्वनागणिक आणखी एक आळी सुतकात जाऊ लागली. सुतक लागले, की त्या घराच्या फोनवर शोकसंदेशही आपोआप जात होता.

लक्ष्मी रस्त्यावर फेट्यांच्या दुकानात वैजनाथराव डोक्यावर केशरी फेटा घेऊन बसले होते, आणि आरशात असे पाहत होते की जणू समोर प्रतिस्पर्धी बसला आहे.

"हा रंग भडक आहे."

"बाबा, मघाचा फिका होता."

"तो फिका होता म्हणून हा भडक नाही असं होत नाही."

सुदर्शन धापा टाकत आत शिरला, तोच वैजनाथरावांचा फोन वाजला. पाठोपाठ उत्कर्षाचा. वैजनाथरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचले:

"'कै. नागोराव यांच्या दुःखद निधनामुळे आपणांस सुतक लागले आहे. आपले शुभकार्य स्थगित करण्यात येत आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' हे नागोराव कोण?"

सुदर्शन म्हणाला, "माझे आजोबा."

"कधी गेले?"

"आज दुपारी... म्हणजे तसे आज नाही. पूर्वीच."

"पूर्वी गेले, का आज दुपारी गेले? आमच्याकडे माणूस एकदाच जातो."

"काका, ही टेस्टची चूक आहे, मी आत्ता—"

"चूक मरणात नसते. मेसेजमध्ये असेल." वैजनाथरावांनी फेटा उतरवून गल्ल्यावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर शोक होता, पण तो नव्या कपड्यासारखा कडक आणि हवाहवासा वाटत होता. "ठेवून द्या हो हे. सुतकात फेटे बघत नाहीत. उत्कर्षा, चल. रविवारचं आपोआप मिटलं."

"बाबा!"

इतक्यात दुकानदाराचा फोन वाजला. त्याच्या लेकीचे लग्न पुढच्या महिन्यात. त्याने वाचून गल्ल्यावरचा फेटा बाजूला सारला. "अहो, आम्हालाही सुतक! नागोराव म्हणे. हे आमचे कोण?"

कोपऱ्यात उपरणे पाहणाऱ्या एका गृहस्थाने मान वर केली. "नागोराव गेले? अरेरे!"

"आपण ओळखत होता?" दुकानदाराने विचारले.

गृहस्थाने क्षणभर अंदाज घेतला. पुण्यात एखादा माणूस सगळ्यांना माहीत आहे आणि आपल्यालाच नाही, ही कबुली कुणी शुद्धीवर असताना देत नाही. "ओळखत होतो म्हणजे काय? फार साधा माणूस. शेवटपर्यंत साधा." एवढ्यात त्याचाही फोन वाजला. त्याने वाचले आणि तो खराखुरा हळहळला, कारण त्याच्या मुलाचे लग्न शुक्रवारी होते.

सुदर्शन बाहेर आला तो घरमालकाचा फोन. खाली शववाहिका उभी आहे आणि जिना अरुंद आहे. पाठोपाठ गाडीचा चालक सूरज बोलू लागला.

"साहेब, बॉडी कितव्या मजल्यावर आहे?"

"बॉडी नाहीये हो."

"दुसऱ्यांनी नेली का? आपल्यासाठी थांबायचं की नाही जरा!"

"कुणी नेली नाही. बॉडी वाशीमला गेली. म्हणजे, तिकडेच होती. तीस वर्षं झाली."

सूरज फार जपून म्हणाला, "साहेब, तुम्ही बसा जरा. पाणी प्या. घरात दुसरं कुणी आहे का मोठं?"

मग वाशीमहून बाबा. "काऊन रे, आबा पुन्हा मेले म्हन्ते?"

"नाही हो बाबा, ते मी कॉम्प्युटरवर—"

"मले पुन्याहून कोनाकोनाचे फोन येऊन राह्यले. एक बाई तं रडत होती. मी म्हनलं, बाई, आबाले जाऊन जमाना झाला. तं म्हन्ते, दुःखानं तुमाले सुचत नाही."

सुदर्शन कचेरीत परतला तोवर सगळा खेळ झाला होता. त्याने पहिल्यांदा परतीची वाट बंद केली. पण वाट बंद केल्याने पलीकडे गेलेली माणसे परत येत नाहीत, हे गोदाबाईंच्या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक होते. पडद्यावर 'मांडव'ची सगळी कार्ये काळी पडली होती. बाई खुर्चीत बसून तो काळोख पाहत होत्या. अरफात कात्रजहून धावत आला होता.

"नागोरावांचं नाव पुसून टाका," बाई म्हणाल्या.

"पुसता येत नाही, बाई," अरफात खाली बघून म्हणाला. "'निरोप'मध्ये गेलेल्याला परत जिवंत करायची सोय नाही. तुम्हीच काढायला लावली होती. इस्टेटीसाठी लोक उठवतील म्हणून."

"मग कालचा सगळा सर्व्हरच परत चढवा."

"चढवला, तर आज सकाळपासून खरोखर गेलेले लोक जिवंत होतील. त्यांच्या गाड्या वैकुंठ स्मशानाच्या वाटेवर आहेत. पोचल्यावर तिथं कुणाचीच नोंद नसणार."

बाईंनी डोळे मिटले. सुदर्शनला वाटले, आता नोकरी गेली. नोकरीचे त्याला एवढे काही नव्हते. वैजनाथरावांचा तो दुकानातला समाधानी चेहरा मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता. उत्कर्षाचा मेसेज आला होता: 'बाबांनी भटजींना नको म्हणून कळवलंय. आज दोन घास जास्त जेवले.'

"तारीख बदलता येते का?" बाईंनी डोळे न उघडता विचारले.

"तारीख येते."

"मग खरी तारीख घाला. मरण वर्ष उलटून गेल्यावर कळलं, तर सुतक धरत नाहीत. एक आंघोळ केली की मोकळं. आमच्या सासूबाईंनी सांगितलेलं आहे, आणि तुमच्या त्या 'निरोप'लाही गुरुजींनी ते शिकवलेलं असणार."

शिकवलेले होते. खरी तारीख घालताच 'निरोप'ने सगळा हिशेब फिरवला आणि गुरुवारी उजाडता उजाडता निम्म्या पुण्याला दुसरा संदेश गेला: 'कै. नागोराव यांच्या निधनाची वार्ता आपणांस उशिरा कळल्याने केवळ स्नानाने शुद्धी होईल. कृपया स्नान करून "झाले" असे कळवावे.'

गुरुवारी. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी शहराचे पाणी बंद होते.

त्या दिवशी पुण्याने जी आंघोळ केली, तशी कुणी करू नये. लोकांनी पिंपे उपसली, शेजाऱ्यांकडून कळशा मागितल्या. वारज्यात एका सोसायटीने टँकर मागवून अख्खी वरात गच्चीवर ओळीने उभी केली. एका वधूपित्याने फ्रिजमधल्या बाटल्या डोक्यावर ओतून घेतल्या आणि तो तसाच थरथरत 'झाले' लिहून मोकळा झाला. करतात काय? प्रत्येकाचे कार्य अडले होते. आणि मनस्ताप करून घ्यायचा तर तो माणूस निदान थोर असलेला बरा, म्हणून नागोराव दर बादलीगणिक थोर होत गेले. कुणाला ते गांधीवादी म्हणून आठवले, कुणाला मल्लखांबपटू म्हणून. संध्याकाळी कोथरूडमध्ये एका सभेत लोक ओल्या डोक्यांनी दोन मिनिटे उभे राहिले.

एवढे होऊनही शुक्रवारी सकाळी 'मांडव'चा पडदा काळाच होता.

"का उतरत नाही?" गोदाबाई म्हणाल्या.

अरफातने बोट ठेवले. "सुतक ज्या क्रमानं चढलं, त्याच क्रमानं उतरतं. सुदर्शनच्या घरून ते टिकेकरांकडे गेलं, आणि टिकेकरांकडून साऱ्या गावात. सुदर्शनच्या घरच्यांची आंघोळ झाली. टिकेकर काकांची नाही. ते मोकळे होत नाहीत तोवर पुढचं कुणीच होत नाही. बाई, म्हणाल तर मी एक आंघोळ परस्पर नोंदवू शकतो..."

"खबरदार. खोटं मरण एक झालं तेवढं पुरे. माझ्याकडे खोटी आंघोळ चालायची नाही."

सुदर्शन टिकेकरांकडे पोचला, तर बातमी त्याच्याआधीच पोचलेली, आणि जिन्यात ही गर्दी! वधूपिते, वरपिते, दोन आचारी, एक बँडवाला. सगळ्यांची डोकी कालची धुतलेली आणि तोंडे सुकलेली. दाराशी आरामखुर्ची टाकून वैजनाथराव पेपर वाचत होते.

"काका, एक तांब्या घ्या डोक्यावर," फेट्यांचा दुकानदार हात जोडून म्हणाला.

"माझी सकाळी आंघोळ झालेली आहे."

"ती रोजची. ही नागोरावांची."

"मी दिवसातून एकदा आंघोळ करतो. आजवर दुसऱ्यांदा केली ती फक्त आमच्या वडिलांसाठी. ज्या माणसाचं मी तोंड बघितलेलं नाही, त्याच्यासाठी डोकं ओलं करणार नाही."

सुदर्शन पुढे झाला. गेले दोन दिवस पाठ केलेले सगळे तो विसरला. "काका, चूक माझी आहे. शिक्षा मला करा. या लोकांची लग्नं..."

"आपलं रविवारचं तेवढं यांच्या मागे दडवू नका," वैजनाथराव पेपर न हलवता म्हणाले. उत्कर्षा दारात उभी होती. तिच्या हातात बादली होती, आणि ती भरलेली होती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य काठी टेकत खाली उतरले. त्यांची आणि वैजनाथरावांची स्पर्धा जुनी. कुणाच्या गच्चीतला अनंत आधी फुलला इथपासून कुणाचे रक्तदाब-पथ्य अधिक कडक इथपर्यंत.

"वैजनाथराव, मी काल केली," प्राचार्य म्हणाले. "थंड पाण्याने, या वयात. नागोरावांसाठी केली. आपली ओळख नव्हती, त्याला आपला इलाज नाही. सगळ्यांचीच कुठे असते!"

पेपर खाली आला. "ओळख नव्हती म्हणजे?"

"अहो, मोठा माणूस. सगळ्या पुण्याला ठाऊक. आपल्याला ठाऊक नसेल तर त्यात कमीपणा नाही."

वैजनाथरावांची मान हळूहळू लाल झाली.

"आपण नागोरावांना केव्हापासून ओळखता?"

"मी? झाली असतील वीस-एक वर्षं."

"वीस!" वैजनाथराव उभे राहिले. "मी त्याच्या आधीपासून ओळखतो. आमची जाहीर बोलायची पद्धत नाही, म्हणून बोललो नाही. अहो, माझे होणारे व्याही त्यांचे चिरंजीव! उगीच देतोय का मी मुलगी तिकडे?"

"अस्सं? मग इतक्या जवळच्या माणसाची आंघोळ राहिली कशी?" प्राचार्यांनी विचारले.

वैजनाथरावांनी जिन्यातल्या सगळ्या धुतलेल्या डोक्यांकडे एकदा पाहिले. मग मागे वळून म्हणाले, "उत्कर्षा, बादली."

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ दात वाजल्याचा. मग जिन्यातले सगळे फोन एकदम किणकिणले, आणि बँडवाल्याने तिथेच डोळे पुसले.

रविवारी लग्न झाले. वैजनाथराव भडक केशरी फेट्यात दाराशी उभे राहून शिंका देत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सुदर्शनच्या बाबांपुढे आणत होते. "हे नागोरावांचे चिरंजीव. हो, तेच नागोराव! घराण्याला पुण्यात कोण ओळखत नाही ते विचारा." माणसांची रीघ लागली. कुणी वाकून नमस्कार करत होते, कुणी बाबांचे दोन्ही हात धरून नुसतेच उभे राहत होते. एका म्हातारबुवांना हुंदका आवरेना.

पंगती उठल्यावर अरफात सुदर्शनला शोधत आला. बाबा शेजारीच खुर्चीत बसले होते, पायांतले नवे बूट काढून.

"बाई म्हणतायत, टेस्टचं सगळं साफ करून टाक. आजोबांचं नाव पुसता येत नाही, पण दर वर्षी तिथीला सगळ्यांना मेसेज जाईल तो मला बंद करता येतो. करू?"

"कर की," सुदर्शन म्हणाला. "विचारतोस काय?"

"थांब रे," बाबा म्हणाले. ते समोरच्या रिकाम्या पंगतीकडे पाहत होते. "आबा गेले तवा लय गारपीट होती. खांदा द्याले चवथा मानूस भेटत नव्हता. मी दोन वाड्या फिरलो. शेवटी बैलगाडीत घालून नेलं आबाले, अन् वाटेत चाक रुतलं." त्यांनी एक बूट हातात घेतला. "किती लोकायनं आंघोळ केली म्हन्तो तू?"

"निम्म्या पुण्यानं, बाबा."

बाबांनी बराच वेळ मान हलवली. मग अरफातकडे वळले. "तुमच्या मशीनले काही तरास होते का त्याचा?"

"नाही काका. बारीकशी ओळ आहे."

"मंग राहू द्या," बाबा म्हणाले आणि बूट घालू लागले.